शेजाऱ्याचे आजार

लग्नकार्यात माझी ओळख करून द्यायची वेळ आली की बायकोची पंचाईत होते. "हे डॉक्टर आहेत" म्हटलं की समोरचा गृहस्थ लगेच जीभ बाहेर काढून दाखवतो. "पण आता नाटकं बसवतात" म्हटलं की जीभ आत घेतो. "आणि रेडिओवरही बोलतात" हे ऐकल्यावर त्याला जरा बरं वाटतं, कारण नोकरी सरकारी असावी असा त्याचा समज होतो. ती सरकारी नाही हे सांगेपर्यंत वरण-बट्टीची पंगत बसलेली असते आणि माझा विषय तिथेच संपतो.

मी फैजपूरच्या केळीवाल्याचा मुलगा. आमच्या भागात घरात कुणी डॉक्टर झाला की बापाचं स्वतःचं नाव पुसलं जातं आणि त्याला जन्मभर 'डॉक्टरचे वडील' म्हणतात. आबांना हे नाव फार आवडलं होतं. बाजारात कुणी त्यांना त्यांच्या मूळ नावाने हाक मारली तर ते पटकन वळायचेच नाहीत.

शिकून झाल्यावर मी जळगावला, पिंप्राळ्यात, पिठाच्या गिरणीशेजारी दवाखाना थाटला. सर्दी, खोकला, जुलाब, स्कूटरवरून पडलेले गुडघे, असा सगळा माल यायचा. दवाखाना बरा चालला होता. नाटकाचा नाद कॉलेजपासूनचा होता आणि तालमीला जागा कुणी देत नव्हतं, म्हणून संध्याकाळचे पेशंट संपले की बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून आम्ही तालीम करायचो. अडचण एवढीच होती की पेशंट लवकर संपायचे नाहीत आणि नट लवकर यायचे. इंजेक्शनसाठी आलेली एक बाई बाकावर बसली होती, तेवढ्यात आमची नायिका कोपऱ्यात उभी राहून हंबरडा फोडायचा सराव करू लागली. बाई केस पेपर तिथेच ठेवून निघून गेली, ती पुन्हा आमच्या गल्लीतही दिसली नाही.

पुढे धुळ्याच्या मंडळींनी एक नाटक बसवायला बोलावलं आणि मी एस्टीने जळगाव-धुळे करू लागलो. तिथे एक मुसलमान शिंपी होता. आला होता कपडे शिवायला, पण मापं घेताना सगळ्यांचे संवाद पाठ करून बसला, म्हणून त्याला मुख्य काम दिलं. त्याला शेवटच्या प्रवेशात दम लागून मरायचं होतं. तो भात्यासारखी छाती हलवून इतक्या उत्साहाने मरायचा की प्रेक्षकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. मी पिशवीतला स्टेथोस्कोप काढून त्याच्या पाठीला लावला. आत सगळं झकास चाललं होतं. मी त्याला म्हटलं, "खरा दम लागलेला माणूस स्वल्पविरामाला थांबत नाही. तो शब्दाच्या मध्येच थांबतो. आणि दम लागलाय हे लपवायला बघतो."

शिंप्याची अहिराणी माझ्यापेक्षा अस्सल. तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, बठ्ठं समजनं. पन मरानं कसं, ते तुम्हले कसं माहीत शे?"

मी म्हटलं, धंदाच तो आहे. त्या दिवसापासून स्टेथोस्कोप ही माझी तालमीची पद्धत झाली. नटाच्या पाठीला तो लावायचा, डोळे मिटायचे आणि वाक्य म्हणायला सांगायचं. खोटा श्वास कानाला लगेच कळतो. दवाखान्यात मी या यंत्राचा इतका मनापासून उपयोग कधी केला नव्हता. आणि असं चालू असताना हळूहळू असं झालं की पेशंट खोकायला लागला की मला त्याचा खोकला आवाजाच्या दृष्टीने आवडायला लागला. तेव्हा मी ओळखलं की आता दवाखाना बंद केलेला बरा, माझ्यासाठी नाही तर त्यांच्यासाठी.

पाटी उतरवल्याची बातमी माझ्याआधी फैजपूरला पोचली. आबा पहिल्या एस्टीने आले. आले तेव्हा आत दोन नट भावाभावांच्या भांडणाचा प्रवेश करत होते. आबा काही वेळ दारात उभे राहिले आणि मग मध्ये पडले. एकाचा हात धरला, दुसऱ्याला बाकावर बसवलं, बापजाद्यांच्या बांधापायी घरं कशी बुडतात ते समजावून सांगितलं. नटांनाही मध्ये बोलायचा धीर झाला नाही. भांडण खोटं आहे हे कळल्यावर आबा खरे चिडले.

"डॉक्टर एकडाव झाला म्हनजे मरेपर्यंत डॉक्टर," ते म्हणाले. "बैल इकता येते. डिगरी इकता येत नाही."

मी म्हटलं, "आबा, मी विकली नाही. फक्त भिंतीवरून काढली."

हे उत्तर मी द्यायला नको होतं. ते उभ्या उभ्या निघून गेले आणि त्यांनी अबोला धरला.

आमच्याकडच्या अबोल्याला रीत असते. बोलायचं नाही म्हणजे संबंध तोडायचे असं नाही. केळीचा घड दर महिन्याला फैजपूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून यायचा, त्यावर ना चिठ्ठी ना निरोप. मी घरी गेलो की माझ्या ताटात आधी वाढलं जायचं. मी आणि आबा एकाच ओसरीवर बसायचो आणि आई मध्ये बसून दोन्हीकडची वाक्यं पोचवायची. "आबा इचारतात, नातवाची परीक्षा कशी गेली." आबा हातभर अंतरावर. मी म्हणायचो, "बरी गेली म्हणून सांग." आई वळून सांगायची, "बरी गेली म्हनतो." तिने ही कामगिरी वर्षानुवर्षं न कंटाळता केली, आणि दोघांनाही न कळवता अधूनमधून वाक्यं गोड करून घेतली असावीत असा मला दाट संशय आहे.

मग आई गेली. तेराव्यानंतर मी आणि आबा ओसरीवर बसलो होतो आणि आमच्या मधली जागा रिकामी होती. मला बोलायचं होतं. त्यांनाही असावं. पण बोलणं पोचवणारं माणूसच उरलं नव्हतं. मी जळगावला परत आलो तेव्हा एका दिवशी दोघंही गेल्यासारखं वाटत होतं.

त्याच सुमारास जळगावच्या एका रेडिओ केंद्राने मला दुपारचा आरोग्याचा कार्यक्रम दिला. माझ्यात डॉक्टर आणि आवाज एकाच मानधनात मिळत होते. मंगळवारी दुपारी बाराला मी बसायचो, लोक फोन करायचे, नाव-गाव सांगायचे, दुखणं सांगायचे, आणि मी उत्तर देऊन गाणं लावायचो. त्या वेळी वावरातली माणसं जेवायला घरी आलेली असतात, त्यामुळे ऐकणारे पुष्कळ. रेडिओत एकच पाप असतं, गप्प बसणं. नाटकात दोन वाक्यांमधली शांतता कमवावी लागते, तर रेडिओत तशी शांतता पडली की काचेपलीकडचा तंत्रज्ञ वीज गेल्यासारखा धावत सुटतो.

एका मंगळवारी फोन आला. "नमस्कार डॉक्टरसाहेब. मी यावल तालुक्यातून बोलतो."

मी आवाज ओळखला. ओळखणारच. मी नाव विचारलं. पलीकडे क्षणभर विचार झाला आणि मग त्यांनी आमच्या जुन्या बैलाचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं नाही. बैलाला नव्हतं.

"काय त्रास होतोय, भाऊ?"

"मले काही नाही. माह्या शेजाऱ्याचे गुडघे दुखतात."

मी शेजाऱ्यासाठी गुडघ्यांचे व्यायाम सांगितले. "बरं," आबा म्हणाले, "सांगतो त्याले." गाणं लागलं. इतक्या वर्षांनी आबा माझ्याशी बोलले होते, आणि तेही आदराने.

मग दर दोन-तीन आठवड्यांनी बैलाचा फोन येऊ लागला. शेजाऱ्याला रात्री खोकला येतो. शेजाऱ्याला पोट साफ होत नाही. शेजाऱ्याची बायको वारल्यापासून त्याला झोप लागत नाही. या शेवटच्या प्रश्नाला मी जरा लांब उत्तर दिलं. झोपेच्या गोळ्या नकोत, संध्याकाळी कुणाशी तरी बोलत जावं, मुलंबाळं असतील तर त्यांना फोन करावा. पलीकडून "हं" आलं आणि "सांगून पाह्यतो."

आता आबांना खरोखर एक शेजारी आहेत, नाना. बांधाला बांध लागून वावर, भिंतीला भिंत लागून घर. वय आबांएवढंच, अंगाने काटक, आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेले. फैजपुरात आबांचा आवाज न ओळखणारा माणूस नाही. त्यामुळे मंगळवारी दुपारी अख्ख्या गल्लीला कळायचं की नानांचं पोट साफ होत नाही. लोक पारावर नानांना विचारायचे, "आता कसं हाये?" नानांनी पहिल्यांदा थयथयाट केला. नंतर, सल्ला फुकटच आहे म्हणून, रात्री पाण्यात मेथी भिजवून खायला लागले. आबांच्या दुखण्याचा गुण नानांना येऊ लागला.

आणि एकदा मी चुकलो. खोकल्याचा फोन होता, आवाज फार बसलेला वाटला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, कोमट पाणी पीत जा."

फोन कट झाला. नंतर कितीतरी मंगळवार बैलाचा फोन आला नाही. मी दर मंगळवारी घंटा वाजली की दचकायचो, आणि पलीकडे कुणाची तरी चामखीळ निघायची. त्या काळात केळीचा घड मात्र वेळेवर येत होता, जरा जास्तच मोठा. शेवटी फोन सुरू झाले तेव्हा मी पक्कं ठरवलं. हे नाटक आबांनी बसवलेलं आहे. यात मला डॉक्टरसाहेबाचं काम आहे, मुलाचं नाही. ते नीट करायचं.

तो मंगळवार आला. ऊन चढलेलं होतं. बैल लाइनवर आले.

"डॉक्टरसाहेब, माह्या शेजा... ऱ्याले, वावरातून येता येता छातीवर कोनी पोतं ठेवल्यावानी होते. बसलं म्हनजे थांबे. आज थां... बलं नाही."

शब्दाच्या मध्ये. मी डोळे मिटले. कानाला हेडफोन होता, पण मला तो आबांच्या पाठीवर ठेवलेला स्टेथोस्कोप वाटत होता.

"घाम आलाय का त्यांना?"

"सदरा भिज... ला."

"डावा हात?"

"जड पडला. त्याले सांगू का, जेवून जरा झोप म्हनून?"

आबा कोण आहेत हे जाहीर करून 'तुम्हीच आजारी आहात' असं ओरडावं, ही माझी पहिली इच्छा होती. पण फोन कट झाला असता. मग आबा पंखा लावून आडवे झाले असते आणि पुन्हा उठले नसते. मला हे गणपतीच्या फोटोइतकं स्वच्छ समोर दिसत होतं. म्हणून मी डॉक्टरसाहेबाच्या आवाजात, संथ, कार्यक्रमात बोलतात तसा बोललो.

"भाऊ, शेजाऱ्यांना आता एक पाऊलही चालू देऊ नका. तुम्हीही बसूनच राहा. ऐकणाऱ्यांपैकी या भाऊंच्या गल्लीत कुणाकडे गाडी असेल तर त्यांनी ताबडतोब यांच्या घरी जावं आणि पेशंटला थेट भुसावळला घेऊन निघावं. पेशंट म्हणेल मला काही झालेलं नाही. बिलकुल ऐकू नका, उचला. आणि भाऊ, तुम्ही सोबत जायचंच. दुखणं तुम्हाला माहीत आहे. तुमच्याशिवाय तिथल्या डॉक्टरला काही कळणार नाही. मेडिकलवाल्याने ॲस्पिरिन आणावी. एक पेशंटला चावायला द्या, एक सोबत जाणाऱ्याला."

सोबत जाणाऱ्याला ॲस्पिरिन द्यावी असं वैद्यकशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

मी गाणं लावलं आणि भुसावळला माझ्या वर्गमित्राला फोन केला. तो हृदयाचा डॉक्टर. मी सांगितलं, दोन म्हातारे येतील, एकाला आत घे, म्हणजे दुसरा येईल, आणि जो गप्प असेल तो पेशंट. तो म्हणाला, "तू अजून नाटकं करतोस का रे?" मी हो म्हटलं आणि गाडीची किल्ली शोधू लागलो. उरलेला कार्यक्रम तंत्रज्ञाने भक्तिगीतांवर काढला.

फैजपुरात काय झालं ते मला नंतर नानांनीच सांगितलं. ते आजही कुणी नुसतं 'कसे हाये' विचारलं तरी सुरुवातीपासून सांगतात. ते भाकर आणि वांग्याचं भरीत घेऊन जेवायला बसले होते. पहिला घास तोंडात असताना केळीची पिकअप दाराशी थांबली आणि आठ-दहा माणसं आत शिरली. नाना म्हणाले, "मले काही झालं नाही." हेच रेडिओवर सांगितलेलं होतं, म्हणून सगळ्यांची खात्री पटली. त्यांना भरल्या हाताने उचलून गाडीत, केळीच्या पानांवर, आडवं केलं. मेडिकलवाल्याने भरताच्या घासावर ॲस्पिरिन कोंबली. नानांनी हातपाय झाडले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हे पाह्य, झटके येऊ राह्यले."

आबा आपल्या ओट्यावर बसून हे बघत होते. चूक झाली आहे हे त्यांना कळत होतं. पण ती दुरुस्त करायची म्हणजे 'पेशंट मी आहे' असं म्हणावं लागणार होतं. ते म्हणाले नाहीत. लोकांनी त्यांनाही उचललं, सोबत म्हणून गाडीत बसवलं, त्यांच्याही तोंडात गोळी दिली. भुसावळपर्यंत नाना ओरडत होते आणि आबा त्यांचा हात धरून गप्प बसले होते.

दवाखान्यात लोकांनी नानांनाच स्ट्रेचरवर घातलं, कारण फैजपूरपासून पेशंट तेच होते. माझा मित्र शस्त्रक्रियेच्या खोलीत हात धूत होता. कुणा तरुण डॉक्टरने नानांचा कार्डिओग्राम काढला. तो इतका चांगला आला की त्याने तो दोनदा पाहिला. मग तो आबांकडे वळून म्हणाला, "काका, तुमचाही काढू."

"मी पेशंट नाही," आबा म्हणाले. "मी सो... बत आलो."

मी त्याच वेळी दारातून आत शिरत होतो. आबांचा रंग मी पाहिला. पुढे व्हायचं होतं, पण मी दारातच थांबलो, कारण मी बोललो तर ते उठून जातील याची मला भीती होती. घरच्या भिंतीवरचे सगळे हार घातलेले फोटो डोळ्यांपुढून गेले आणि त्यांत आबांचा एक वाढलेला दिसला.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून नाना उठून बसले. छातीला वायरी तशाच.

"अरे, गुडघे तुहे दुखले, मी पाय लांब करून बसलो," नाना म्हणाले. "पोट तुहं बिघडलं, मी मेथी खाल्ली. तुह्या बठ्ठ्या बिमाऱ्या मी अंगावर घेतल्या. ही नाही घेत. ऊठ, झोप अठी."

ते स्ट्रेचरवरून खाली उतरले आणि जागा दाखवली. आबांनी इकडेतिकडे पाहिलं. मी दिसलो. आमची नजरानजर झाली, ती आबांनीच आधी खाली घेतली. मग चपला काढून, देवळात जातात तसे, ते स्ट्रेचरवर आडवे झाले.

एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. तिच्यात स्प्रिंग बसवली. मित्र बाहेर येऊन म्हणाला की जेवून झोपले असते तर संपलं होतं, आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाहेरच्या पायरीवर बसलो आणि रडलो. नाना शेजारी बसले होते. त्यांच्या हाताला अजून भरीत लागलेलं होतं, ते तसंच सदऱ्याला पुसून त्यांनी मला केळ सोलून दिलं.

आबा शुद्धीवर होते, बरे होते, आणि अबोला चालू होता. पलंगाशेजारी मी एका बाजूला, नाना दुसऱ्या बाजूला. आबा नानांना म्हणाले, "त्याले सांग, गाडीवाल्याले चहा पाज." नाना म्हणाले, "तो अठीच उभा हाये, तूच सांग." आबा छताकडे बघत राहिले. मी गाडीवाल्याला चहा पाजला.

घरी आल्यावर मी दर रविवारी फैजपूरला जाऊन त्यांचं ब्लडप्रेशर बघायला लागलो. दवाखाना बंद केल्यापासून माझा हा पहिलाच नियमित पेशंट. मी ओसरीवर बसलो की ते काही न बोलता हात पुढे करायचे. मी पट्टा बांधायचो, आकडा मोठ्याने, भिंतीला सांगतो तसा म्हणायचो. तेही भिंतीकडे बघून मान हलवायचे. आई असती तर म्हणाली असती, "बरं हाये म्हनतो."

बऱ्याच दिवसांनी, एका मंगळवारी, कार्यक्रम संपायला थोडा वेळ उरला असताना फोन आला.

"नमस्कार. फैजपूरहून बोलतो."

मी सवयीने नाव विचारलं. या वेळी बैलाचं नाव आलं नाही. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनावही सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं. फैजपुरात कितीतरी ताटांवरचे हात थांबले असतील.

"बोला," मी म्हटलं. "शेजारी कसे आहेत?"

"शेजारी चांगला हाये. त्याले काहीच नव्हतं."

"मग तुमचा प्रश्न काय आहे?"

श्वास ऐकू आला. पूर्ण, सरळ, कुठेही न अडणारा.

"एक वाजत आला," आबा म्हणाले. "जेवला का तू?"

काचेपलीकडे तंत्रज्ञ उभा राहिला, त्याचा हात गाण्याच्या बटणाकडे गेला. मी त्याला हातानेच थांबवलं.

"नाही, आबा," मी म्हटलं. "अजून नाही जेवलो."

मी आबा म्हटलं होतं आणि फोन चालू होता. मागे कुठेतरी नाना खोकले.

"मंग गाणं लाव," आबा म्हणाले, "अन् जेवून घे."